आइसलंडच्या राष्ट्राध्यक्षांना ‘नकाराधिकार’ आहे का?

प्रश्न असा आला आहे: ‘राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरल्यामुळे आइसलंडमधला कायदा जनमताला गेला’ असं वाक्य वाचलं. नकाराधिकार वापरला तर कायदा संपायला हवा ना? शिवाय मंजुरी, संमती, अनुमती यांतलं कुठे काय वापरायचं?

शंका रास्त आहे. नकाराधिकार हा व्हेटोसाठी मराठीत चांगला रुळलेला शब्द. सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांपैकी एकाने तो वापरला की ठराव बारगळतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी वापरला की विधेयक काँग्रेसकडे परत जातं आणि दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमली नाहीत तर तिथेच संपतं. ‘नाही’ म्हटलं की गाडी थांबते, असं या शब्दात गृहीतच आहे.

आइसलंडमध्ये ती थांबत नाही. तिथल्या १९४४च्या राज्यघटनेचं २६वं कलम मोठं गमतीचं आहे. आल्थिंगने, म्हणजे तिथल्या संसदेने, संमत केलेलं विधेयक दोन आठवड्यांच्या आत राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवायचं. त्यांनी सही केली की कायदा झाला. नाही केली तरी कायदा झालाच! फक्त मग तो शक्य तितक्या लवकर गुप्त मतदानासाठी जनतेपुढे न्यायचा. लोकांनी फेटाळला तर रद्द, नाहीतर आहे तसा लागू.

म्हणजे राष्ट्राध्यक्ष कायदा अडवत नाहीत, त्याचा फैसला मतदारांवर सोपवतात. आइसलंडच्या भाषेतही या अधिकाराला ‘माउल्स्कोत्सरेत्तुर’ म्हणतात. खालच्या कोर्टातला वाद वरच्या कोर्टात नेण्यासाठी जो शब्द, तोच इथे. वरचं कोर्ट म्हणजे मतदार.

हे कलम साठ वर्षं नुसतं कागदावर होतं. २००४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सन यांनी प्रसारमाध्यमांच्या मालकीविषयीच्या कायद्यावर पहिल्यांदा सही नाकारली. सरकारने जनमत घेण्याऐवजी कायदाच मागे घेतला. खरी कसोटी लागली ती आइससेव्ह प्रकरणात. ‘आइससेव्ह’ नावाच्या ऑनलाइन खात्यांत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या लोकांच्या ठेवी घेणारी लांड्सबांकी ही आइसलंडची बँक २००८ मध्ये कोसळली. ब्रिटन आणि नेदरलँड्सने आपल्या ठेवीदारांचे पैसे भरून दिले आणि ते आइसलंडकडे मागितले. परतफेडीचा कायदा ३० डिसेंबर २००९ला ३३ विरुद्ध ३० मतांनी संमत झाला. ५ जानेवारीला ग्रिम्सन यांनी सही नाकारली. ६ मार्च २०१०च्या मतदानात वैध मतांपैकी ९८ टक्के विरोधात गेली. सुधारलेला करार पुन्हा आला, पुन्हा सही नाकारली आणि एप्रिल २०११ मध्ये सुमारे ६० टक्के लोकांनी तोही फेटाळला. दोन्ही वेळा कायदा पाडला तो मतदारांनी. त्याचं श्रेय, किंवा खापर म्हणा हवं तर, ‘नकाराधिकार’ या शब्दामुळे भलत्याच्याच नावावर जातं.

तेव्हा मी साधं लिहीन: ‘राष्ट्राध्यक्षांनी संमती नाकारली, कायदा जनमताला’. इथे ‘विधेयक जनमताला’ म्हणायचा मोह टाळावा, कारण २६व्या कलमानुसार ते तोवर विधेयक राहिलेलंच नसतं.

उरलेल्या शब्दांचं थोडक्यात. विधेयक मंजूर किंवा संमत करतं ते सभागृह. राष्ट्रप्रमुख देतात ती संमती किंवा अनुमती. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘अनुमती’ आहे. ‘राष्ट्रपतींनी विधेयक मंजूर केलं’ बोलताना खपून जातं, पण त्यात दोन टप्पे एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे १११व्या कलमाखाली राष्ट्रपती अनुमती देऊ शकतात, रोखून ठेवू शकतात किंवा धनविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तेच विधेयक संसदेने पुन्हा संमत केलं तर मात्र अनुमती रोखता येत नाही. १९८६च्या टपाल विधेयकावर झैलसिंगांनी यातलं काहीच केलं नाही, नुसतं ठेवून दिलं. त्याला ‘पॉकेट व्हेटो’ म्हणतात आणि तिथे ‘नकाराधिकार’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण गाडी खरोखरच थांबली होती.

आणखी एक: आइसलंडच्या बातमीत नुसतं ‘अध्यक्ष’ लिहू नये. आल्थिंगलाही अध्यक्ष असतात, आणि सही त्यांनी नाकारली असं वाटू शकतं.