मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एचसीव्ही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आलं, आता पुढे कोणत्या तपासण्या?

ताई, तुम्ही लिहिलंय की मामाजींचं रक्त मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासलं, एचसीव्ही म्हणजे हेपॅटायटिस सीच्या विषाणूची टेस्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ निघालं, ऑपरेशन पुढे ढकललं आणि तेव्हापासून घरात त्यांचं ताट-गिलास वेगळं केलंय. आधी ते ताट परत सगळ्यांच्या ताटांत ठेवा. हेपॅटायटिस सी सोबत जेवल्यानं, एका गिलासानं पाणी पिल्यानं पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. दाढीचं ब्लेड आणि दाताचा ब्रश तेवढा त्यांचा त्यांनाच वापरू द्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. एचसीव्हीची कार्ड टेस्ट माझ्या रोजच्या हातातली. प्लॅस्टिकच्या कार्डावर सीरम टाकायचं, वरून बफरचे थेंब, आणि घड्याळ लावून थांबायचं. कार्डावरच्या ‘सी’ (कंट्रोल) या खुणेपाशी रेघ उमटली तर कार्ड बरोबर चालतंय. ‘टी’ (टेस्ट) पाशीही उमटली, भले फिकट का असेना, तर रिअ‍ॅक्टिव्ह. पण ही रेघ विषाणूची नसते. विषाणूशी लढायला शरीरानं जी अँटिबॉडी बनवली तिची असते. हरभऱ्यात सकाळी रानडुकरांची पावलं दिसतात, म्हणून डुकरं अजून वावरात आहेतच असं नाही ना, तसंच हे. लागण झालेल्या १०० पैकी १५ ते ४५ जणांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांच्या आत औषधाविना निघून जातो, अँटिबॉडी मात्र मागे राहते. कधी कधी कार्ड चुकीचंही रिअ‍ॅक्टिव्ह दाखवतं.

म्हणून खरा निकाल देते ती रक्तात थेट विषाणूच शोधणारी दुसरी तपासणी: एचसीव्ही आरएनए, म्हणजे पीसीआर, आपल्याकडे ‘व्हायरल लोड’ म्हणतात तीच. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. २८ जुलै २०१८ पासून हेपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जाऊन ‘हेपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठं आहे’ एवढं विचारा. खासगीत पैसे भरायच्या आधी हे नक्की करा.

‘नॉट डिटेक्टेड’ आलं तर आज रक्तात विषाणू नाही. आकडा आला तर तो पाहून घाबरू नका. वीस लाख असो की वीस हजार, त्यावरून लिव्हर किती खराब झालं ते कळत नाही. ते कळतं एसजीओटी (लिव्हरची रक्त तपासणी), प्लेटलेट आणि सोनोग्राफीवरून. डॉक्टर एक साधा हिशोब करतात. समजा एसजीओटी ८० आहे आणि लॅबची वरची मर्यादा ४०, म्हणजे दुप्पट. या २ ला प्लेटलेट किती लाख आहेत त्या आकड्यानं भागायचं. प्लेटलेट एक लाख असतील तर उत्तर २ येतं, आणि २ किंवा जास्त आलं की सिरोसिसची, म्हणजे लिव्हर कायमचं घट्ट-गाठाळ झाल्याची शंका घेतात. त्याच ८० ला प्लेटलेट अडीच लाख असतील तर उत्तर ०.८. एसजीपीटी (लिव्हरचीच दुसरी रक्त तपासणी) नॉर्मल आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नका, आजार असूनही ते नॉर्मल येऊ शकतं.

औषध सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. सीचं औषध घेताना दबलेला बी उसळू शकतो. सिरोसिस नसेल तर सहसा सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, १२ आठवडे. सिरोसिस असेल तर औषध बदलतं, कधी सोबत रिबाव्हिरिन देतात, त्यानं हिमोग्लोबिन उतरू शकतं, म्हणून ते वरचेवर पाहावं लागतं. आपल्या भागात सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) पुष्कळ, मामाजींना असेल तर हे आवर्जून सांगा. सिकलसेल असलेल्यांना रिबाव्हिरिन चालत नाही.

दर महिन्याला पीसीआर करायची गरज साध्या रुग्णाला नसते. शेवटची गोळी घेतल्यावर १२ आठवडे थांबून जी पीसीआर करतात, ती महत्त्वाची. त्यात विषाणू नाही दिसला की आजार बरा झाला.

त्यानंतर मात्र कार्ड टेस्ट करून बघू नका. हे मी कळकळीनं सांगतो. आमच्याकडे एक कास्तकार आले होते, रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. दोन वर्षांपूर्वी पूर्ण बरे झालेले. हर्नियासाठी एका ठिकाणी कार्ड लावलं, रिअ‍ॅक्टिव्ह आलं, आणि त्यांना सांगितलं की आजार परत आला, पुन्हा कोर्स घ्यावा लागेल. मला म्हणाले, “भाऊ, एक बैल तर विकला, दुसरा पण विकू का?” पीसीआर केली तर विषाणू नव्हता. कार्ड बऱ्या झालेल्या माणसाचंही रिअ‍ॅक्टिव्हच येतं, बहुतेकांचं जन्मभर. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून मामाजींचा शेवटचा पीसीआर रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा आणि कुठल्याही ऑपरेशनला सोबत न्या.

सिरोसिस निघालं तर बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सोडू नका.

आणि एचसीव्ही आहे म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन होतच नाही असं नाही, योग्य काळजी घेऊन करतात. पीसीआरचा नमुना दिला की त्याच फेरीत डोळ्याच्या डॉक्टरांना तारीख विचारून या.