वाचकांचे प्रश्न : लूप दिसला म्हणजे फेरोइलेक्ट्रिकच का?

प्रश्न : बझरमधली पीझो चकती (सिरॅमिकचा व्यास 15 मिमी, जाडी 0.2 मिमी) सॉयर-टॉवर सर्किटमध्ये (व्होल्टेजबरोबर चकतीवरचा विद्युतभार कसा बदलतो ते लूपच्या रूपात दाखवणारं सर्किट) जोडली. 50 हर्ट्झ, शिखर व्होल्टेज 150. ऑसिलोस्कोपवर अंड्यासारखा गोलसर लूप येतो, टोकं येतच नाहीत. चकती खराब आहे का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : फेरोइलेक्ट्रिक म्हणजे ज्याचं ध्रुवीकरण, आतल्या भारांचा एका दिशेचा कल, बाहेरच्या व्होल्टेजने उलटवता येतं असा पदार्थ. तो उलटण्याइतकं व्होल्टेज आहे का, हे पाहायला आधी भागाकार करा. 150 भागिले 0.2, म्हणजे मिलिमीटरला 750 व्होल्ट. बझरच्या मऊ पीझेडटीचं (चकतीचं सिरॅमिक) कोअर्सिव्ह क्षेत्र, म्हणजे ध्रुवीकरण उलटवायला लागणारं विद्युतक्षेत्र, साधारण 1000 च्या आसपास असतं. त्याखाली डोमेनच्या (एकाच दिशेने ध्रुवीकरण असलेल्या छोट्या भागांच्या) भिंती जागच्या जागी पुढेमागे हलतात, ध्रुवीकरण उलटत नाही. 400 व्होल्टपर्यंत जावं लागेल.

गोल टोकांचं दुखणं मात्र वेगळं आहे, ती गळती, म्हणजे चकतीतून किंवा कडेवरून झिरपणारा प्रवाह. व्होल्टेज शिखरावरून उतरू लागलं तरी गळतीमुळे भार साठतच राहतो, म्हणून टोक गोल होतं. 2008 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जे. एफ. स्कॉट यांनी फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून असाच लूप काढून दाखवला होता! म्हणजे नुसता लूप हा पुरावा नाही. बहुतेक वेळा दोषी निघतो तो चकतीच्या कडेवरचा फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) आणि दमटपणा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळवा, मग चकती सिलिकॉन तेलात बुडवा. कडेवरून ठिणगीही उडणार नाही.

तरी शंका उरली तर फ्रिक्वेन्सी दहापट करून पाहा. गळतीचा भार दहावा हिस्सा होतो, उलटण्याचा जवळपास तेवढाच राहतो. त्याहून खात्रीचा उपाय व्होल्टेजच्या पाच स्पंदांचा (पल्स) : एक ऋण, मग दोन धन, मग दोन ऋण. पहिल्या धन स्पंदात उलटणं अधिक गळती, दुसऱ्यात फक्त गळती; साध्या धारितेचा (कपॅसिटरसारखा साठणारा) भार दोन्हींत असतो. वजाबाकी केली की खरा आकडा हाती येतो.

संदर्भ कपॅसिटर (चकतीला एकसरीत जोडलेला, भार मोजणारा) 10 मायक्रोफॅरडचा फिल्मचा घ्या, इलेक्ट्रोलिटिक नको. त्याच्यावर उलटसुलट व्होल्टेज येतं. चौरस सेंटिमीटरला 30 मायक्रोकूलॉम धरले तर त्यावर साधारण 5 व्होल्ट दिसतील. आणि 400 व्होल्टवर 50 हर्ट्झ नकोच. प्रत्येक फेरीत लूपच्या क्षेत्रफळाएवढी उष्णता निघते, या चकतीत ती 2 वॅटच्या घरात जाते. 5 हर्ट्झवर चारदोन फेऱ्या, बस्स. आणि झटका एका हातातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून एक हात खिशात!

प्रश्न : प्रयोगानंतर बझर वाजेनासा झाला, असं का?

उत्तर : व्होल्टेजचा नॉब हळूहळू शून्यावर आणला असणार. लूप लहान लहान होत गेला आणि डोमेन निम्मे इकडे, निम्मे तिकडे राहिले. चकतीला 400 व्होल्ट डीसी काही मिनिटं द्या, पुन्हा वाजेल.