मेन स्विच बंद, तरी मीटर चालूच

गेल्या अंकात आपण म्हटलं होतं की नवीन स्मार्ट मीटरबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तर चिठ्ठ्या आणि मेसेज मिळून एवढे प्रश्न आले की एका अंकात सगळे बसणार नाहीत. बहुतेकांची काळजी एकच, हे मीटर जास्त पळतं का? मी पंचवीस वर्षं घरोघरच्या वायरिंगची कामं केली आहेत, मीटर कधी बिघडतच नाही असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट मी कितीतरी वेळा बघितली आहे की ज्याला आपलं मीटर वाचता येते त्याचं ऑफिसात ऐकून घेतात आणि जो नुसता "बिल जास्त आलं" म्हणतो त्याला पुढच्या महिन्यात या म्हणून परत पाठवतात. म्हणून आज वाचायचं कसं तेच बघू.

प्रश्न : भाऊ, आमच्याकडे नवीन मीटर बसवून गेले. जुन्यात एकच आकडा दिसे, तो मी दर महिन्याला कॅलेंडरवर लिहून ठेवत होती. यात तर आकडे बदलतच राहतात. परवा २४३ दिसला आणि बिलावर ६१२ लिहून आहे. कोणता खरा समजायचा? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

उत्तर : ताई, दोन्ही खरे आहेत. २४३ म्हणजे त्या घडीला तुमच्या घरात येत असलेला व्होल्टेज, त्याच्या बाजूला इंग्रजी व्ही दिसला असेल. आपल्याकडे साधारण २३० च्या आसपास असायला पाहिजे, संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर आणि मोटरी चालू झाल्या की तोच आकडा खाली येतो, त्याचा युनिटशी संबंध नाही.

स्क्रीन आपोआप पुढे सरकते, नाहीतर खालचं बटण दाबून सरकवायची. तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज, करंट असं एकेक. तुम्हाला हवा तो एकच, ज्याच्या बाजूला के-डब्ल्यू-एच लिहिलेलं असते तो, काही मीटरवर त्या वेळी कोपऱ्यात १.८.० असा बारीक नंबरही दिसतो. तेच तुमचं रीडिंग. यात दोन ठिकाणी माणूस फसतो. पहिलं म्हणजे टिंब. ००६१२.४७ असं असेल तर रीडिंग ६१२, टिंबानंतरचं सोडून द्यायचं, एकीने मला फोन करून सांगितलं होतं की आमचे एकसष्ट हजार युनिट झाले, ती टिंब बघायलाच विसरली होती. दुसरं म्हणजे के-व्ही-ए-एच. तो दिसायला तसाच असतो आणि आकडा थोडा जास्त असतो, पण घरगुती बिल त्याच्यावर नसते. आणि एमडी लिहून १.८४ असं काही दिसलं तर ते त्या महिन्यातला तुमचा सगळ्यात जास्तीचा लोड आहे, किलोवॅटमध्ये, तोही युनिट नव्हे.

कॅलेंडरवर लिहायची सवय मात्र सोडू नका, फार चांगली सवय आहे, फक्त आता तारखेसोबत वेळही लिहा. बिलावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग असते, वजाबाकी केली की युनिट. ज्या महिन्यात मीटर बदललं त्या महिन्याच्या बिलात जुन्या मीटरचे उरलेले आणि नवीनचे असे दोन्ही युनिट मिळून येतात, त्यामुळे जुनं मीटर काढून नेताना त्याच्यावरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो घेऊन ठेवायचा, आणि नवीन मीटरवरचा नंबर बिलावरच्या मीटर नंबरशी जुळतो का तेही बघायचं. या एका फोटोनं मी लोकांची महिनोन्‌महिने चाललेली भांडणं मिटलेली बघितली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, वाटण्या झाल्या, घर एकच, मधात भिंत घातली. मीटर दोन आहेत, आधी चकतीवाले होते. नवीन बसल्यापासून माझं बिल दीडपट येऊन राह्यलं. मागच्या आठवड्यात लग्नाला गेलो होतो, मेन स्विच बंद करून गेलो, आलो तर मीटर अकरा युनिट पुढे. मेन बंद असतानाही लाल लाइट टिमटिम करते. लोक म्हणतात मीटरच फॉल्टी आहे. काय करू? (मूर्तिजापूर तालुका, अकोला)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हा प्रकार आपल्या इकडे वाटण्या झालेल्या घरात फार आहे आणि यात बहुतेक वेळा मीटर बरोबर असते, वायरिंग चुकलेली असते.

घरात दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. फेजमधून जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. चकतीच्या मीटरमध्ये गिनती फक्त फेजची व्हायची. आताचं मीटर दोन्ही वायरींतला करंट मोजते, आणि दोन्हीत फरक दिसला तर ज्यात जास्त त्याच्यावर युनिट धरते. चोरी पकडण्यासाठी ते तसं केलेलं आहे, कारण काही लोक न्यूट्रल सोडून अर्थिंगवर उपकरणं चालवायचे.

आता तुमच्या घरी बघा. भिंत घातली, फेज वेगळा केला, पण जुन्या बोर्डातला न्यूट्रल एकच राहिला. भाऊ कूलर लावतो, करंट त्याच्या मीटरमधून जातो आणि परत येताना तुमच्या मीटरच्या न्यूट्रलमधून येतो, पूर्ण नाही तर अर्धा तरी. भावाचं मीटर फेज बघून मोजते, तुमचं मीटर न्यूट्रल बघून मोजते. म्हणजे एकच कूलर दोन्हीकडे गिनला जातो, त्याचं बिल कमी होत नाही आणि तुमचं वाढते! तुमचा मेन स्विच जुन्या पद्धतीचा असेल तर तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जुळलेला राहतो, म्हणून लग्नाला गेले तरी अकरा युनिट पडले. मीटरवर अर्थ किंवा ई-एल लिहिलेली एक खूण किंवा लाइट असते, ती लागलेली असेल तर हेच समजायचं.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी भावाकडे सगळं चालू असताना तुमचा मेन बंद करा, मीटरवरची लाल लाइट टिमटिमते का बघा, ती टिमटिमते म्हणजे मीटर युनिट मोजते. टिमटिमली तर भावाला म्हणा पाच मिनिटं तुझाही मेन बंद कर. त्याचा बंद केल्याबरोबर तुमची लाइट थांबली की झालं, सापडलं. हे दोघांनी मिळून करा हो, एकमेकांवर संशय घेऊन नको. माझ्या मोठ्या आईच्या घरी यावरूनच दोन घरांत वर्षभर बोलणं बंद होतं, "तू आकडा टाकून लाइट चोरली" म्हणून, आणि शेवटी निघालं काय तर गोठ्यातला एक बल्ब आणि कडबा कुट्टीची मोटर, फेज या घरचा, न्यूट्रल त्या घरचा. मी तो जोड सोडवला तेव्हा दोघी जावा तिथंच उभ्या होत्या, कोणी काही बोललं नाही, मग लहानीनं चहा ठेवला.

उपाय म्हणजे चांगल्या वायरमनकडून न्यूट्रल पूर्ण वेगळा करून घ्या, आणि मेनला डबल पोलचा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) लावा म्हणजे फेज न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतील. मीटरचं सील आणि खालचं झाकण कोणालाही उघडू देऊ नका, काम सगळं मीटरच्या पुढे आहे. आणि हे उद्यावर टाकू नका, बिलाचं एक वेळ सोडा, पण असा सामाईक न्यूट्रल कुठे मधात तुटला तर तीच वायर जिवंत होते आणि मेन बंद आहे म्हणून बिनधास्त हात लावणाऱ्याला झटका बसतो. न्यूट्रल गेला म्हणून बोअरच्या पाइपला वायर गुंडाळून काम चालवणारेही गावात आहेत, त्यांनी तर आजच ती वायर काढावी, पावसाळ्यात त्या पाइपला लेकरं हात लावतात.

प्रश्न : फेब्रुवारीत ९६ युनिट होते, मे महिन्यात १७८ आले. पैसे तर दुपटीच्याही वर गेले. घरात नवीन काहीच घेतलं नाही. मग मीटर पळतं नाही तर काय? (भिवापूर तालुका, नागपूर)

उत्तर : काकाजी, मे महिन्यात तुमचा कूलर किती तास चालतो ते आधी मोजा. नवीन घेतला नाही हे खरं, पण फेब्रुवारीत तो माळ्यावर असतो.

मीटरवरच्या लाल लाइटच्या बाजूला एक आकडा छापलेला असते, कुठे ३२०० कुठे १६०० किंवा आणखी काही, त्याचा अर्थ इतक्यांदा लाइट टिमटिमली की एक युनिट. आणि एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास. आता घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा पिनही काढा, फक्त कूलर पाण्याच्या पंपासकट चालू ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळावर दहा टिमटिमी मोजा, पहिल्याला शून्य म्हणायचं. ३२०० चं मीटर असेल तर ११,२५० ला तेवढ्या सेकंदांनी भागायचं, १६०० चं असेल तर २२,५०० ला. समजा दहाला ६२ सेकंद लागले, तर कूलर १८१ वॅटचा. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत चौदा तास चालला तर रोजचे अडीच युनिट, महिन्याचे शहात्तर. ९६ मध्ये ७६ मिळवा, १७२ झाले, बाकीचे सहा पंख्याचे आणि फ्रिजचे, उन्हाळ्यात फ्रिजही जास्त वेळ घेतो. मीटर पळालं नाही, आपला उन्हाळाच तसा आहे.

हीच मोजणी उलटीही कामाची आहे. हजार वॅट लिहिलेली प्रेस एकटी लावून बघा, व्होल्टेज २३० च्या जवळ असताना. हजारच्या आसपास आलं तर मीटर ठीक, दीड हजार येत असेल तर तुमच्या शंकेला पुरावा मिळाला, तो कागदावर लिहून तक्रार करा.

पैसे दुपटीच्या वर गेले ते स्लॅबमुळे. घरगुतीला पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत आणि दुसरा ३०० पर्यंत, दुसऱ्याचा दर जवळजवळ दुप्पट आहे. पण हे ध्यानात ठेवा की १०१ वा युनिट आला म्हणून सगळे युनिट महाग होत नाहीत, पहिले शंभर जुन्याच दराने राहतात, वरच्या ७८ लाच जास्तीचा दर. त्याच्यावर मग वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि १६ टक्के वीज शुल्क. कूलर बदलायचा विचार असेल तर सांगतो की पंप बंद पडलेला, जाळीत माती भरलेला कूलर लाइट तेवढीच खातो आणि गार करत नाही, आधी वाळा नाहीतर गवत बदला.

प्रश्न : गावात टॉवर नाही, मोबाइलला घराच्या छतावर जावं लागते. मग मीटरचं रीडिंग जाते कसं? अंदाजेच टाकत असतील ना? (लाखनी तालुका, भंडारा)

उत्तर : नेटवर्क नसलं तरी मीटर मोजतच असते आणि दर अर्ध्या तासाचा हिशेब आतमध्ये साठवून ठेवते, संपर्क झाला की तो मागचा जातो. पण जात नाही असंही होते. बिलावर चालू रीडिंगच्या जागी खरा आकडा आहे की आरएनए (रीडिंग मिळालं नाही) किंवा लॉक असं काही लिहिलं आहे ते बघा, तसं लिहून असेल तर बिल सरासरीवर आहे. मीटरवरच्या रीडिंगचा फोटो काढून महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, किंवा १९१२ वर फोन करून तक्रार नंबर लिहून ठेवा. वापर आणि रीडिंग जुळत नाही अशी तक्रार असेल तर फेब्रुवारी २०२४ ला केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत सुधारणा झाली आहे, त्यानुसार तक्रारीपासून पाच दिवसांत तुमच्या मीटरच्या जोडीला दुसरं मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची असते. हे अर्जातच लिहा. तिथं नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल, त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईला जायचं काम नाही.

प्रश्न : दिवसा लाइट स्वस्त झाली म्हणतात, खरं आहे का? (आर्वी तालुका, वर्धा)

उत्तर : १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. दर आदेशाप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या बिलावर टीओडीची (म्हणजे वेळेप्रमाणे दराची) ओळ आहे का आणि किती वजा झाले ते दर महिन्याला बघा. कूलर तर रात्रीच लागणार, त्याला इलाज नाही, पण टाकीत पाणी चढवायची मोटर, प्रेस, वॉशिंग मशीन हे सकाळी सहाऐवजी नऊनंतर लावता येते. आणि ही वेळ मीटर स्वतःच्या घड्याळावर धरते, तेव्हा स्क्रीनवर वेळ येईल तेव्हा मोबाइल बाजूला धरून जुळवून बघा, घड्याळ मागेपुढे असेल तर तोही फोटो काढून अर्जाला जोडा.