प्रश्न तुमचे: त्रिकोणाच्या न काढलेल्या तारा

प्रश्न : सर, मी जळगावला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलएम३५ तापमान सेन्सरचं व्होल्टेज वाढवायला ७४१ हा ऑप-ॲम्प (व्होल्टेज वाढवणारी आयसी) वापरून नॉन-इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर केला. १०० के आणि १० के चे रेझिस्टर, म्हणजे गेन (व्होल्टेज किती पट वाढतं तो आकडा) ११. पुरवठा ९ व्होल्टची एकच बॅटरी. सेन्सर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो; खोलीत २७ अंश होते, तेव्हा २.९७ व्होल्ट यायला हवे होते. आले १.९. सेन्सर चिमटीत धरला तरी १.९, बर्फ लावला तरी १.९. तीन आयसी बदलून झाल्या. माझं काय चुकतंय?

उत्तर : गणित चोख आहे. आयसीही बहुधा तिन्ही धडधाकट आहेत, फेकू नकोस.

पुस्तकात ऑप-ॲम्पचा त्रिकोण काढतात तेव्हा पुरवठ्याच्या दोन तारा काढत नाहीत. आकृती सुटसुटीत होते, पण घोळ नेमका तिथेच असतो. ७४१ हे १९६८ सालचं डिझाइन. ते अधिक-उणे १५ व्होल्टवर चालवायचं, असा तेव्हाचा रिवाज. त्याच्या इनपुटला दोन्ही पुरवठ्यांपासून साधारण ३ व्होल्ट अंतर लागतं. तुझी उणे बाजू आहे ग्राउंड, आणि सेन्सर देतोय ०.२७ व्होल्ट. म्हणजे इनपुट त्याच्या आवाक्यातच नाही. आउटपुटलाही पार तळाशी जाता येत नाही, दीड-दोन व्होल्टवर अडकतं. तुझा १.९ हा त्याचा तळ.

साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात नवा होतो तेव्हा मी एका कार्डावरच्या ७४१ बदलत अख्खी दुपार घालवली होती. शेवटी आमचे जुने फोरमन आले आणि एवढंच म्हणाले, ‘चार नंबरवर काय येतंय?’ चार ही उणे पुरवठ्याची पिन. तिथे उणे १५ यायला हवे होते, मीटर शून्य दाखवत होता. पुरवठ्याचा फ्यूज उडालेला. तेव्हापासून कुठलीही ऑप-ॲम्पची पाटी हातात आली की आधी पुरवठ्याच्या पिना मोजतो, मग २ आणि ३ या इनपुट पिनांमधला फरक. फीडबॅक (आउटपुटमधून इनपुटला परत आणलेली जोडणी) नीट काम करत असेल तर तो फरक जवळजवळ शून्य असतो, फार तर काही मिलिव्होल्ट. फरक जास्त दिसला, की पुस्तकातली सूत्रं बाजूला ठेवायची. ती फक्त आउटपुटला हलायला जागा असेपर्यंतच लागू.

तू एलएम३५८ घे. त्याचं इनपुट ग्राउंडपर्यंत चालतं आणि आउटपुटही ग्राउंडच्या अगदी जवळ उतरतं. पण ७४१ काढून त्याच जागी ३५८ खोचू नकोस! दोन्हींना आठच पाय, जोडणी मात्र वेगळी. ७४१ चा अधिक पुरवठा ७ वर, ३५८ चा ८ वर. ३५८ मध्ये दोन ऑप-ॲम्प असतात आणि ७ वर तर दुसऱ्याचं आउटपुट असतं, ते तू सरळ बॅटरीला जोडशील. न वापरलेला तो दुसरा अर्धा लोंबकळत ठेवू नये : ६ आणि ७ एकमेकांना जोड, ५ ग्राउंडला.

आता गेन. पुढे हे आर्डुइनोला जोडणार असशील तर पुरवठा ५ व्होल्टचाच ठेव, म्हणजे त्याच्या पिनवर जास्त जाणार नाही. पण ३५८ चं आउटपुट वरच्या पुरवठ्याच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं, म्हणजे तुझ्या हाती साडेतीन. गेन ११ ठेवलास तर ३२ अंशांच्या आतच आकडा गोठेल. जळगावात राहून! मे महिन्यात तुझा थर्मामीटर सकाळी नऊलाच संप करेल. ५० अंशांपर्यंत मोजायचं तर सेन्सर देणार अर्धा व्होल्ट, म्हणजे गेन ७ च्या आत हवा. १०० के काढून ४७ के लाव. गेन ५.७, आणि ५० अंशांना २.८५ व्होल्ट. वर थोडी मोकळी जागाही राहते.

३५८ चा ऑफसेट (इनपुटला मुळातच असलेली छोटी चूक) साधारण २ मिलिव्होल्ट, वाईटात वाईट ७. सेन्सरचे १० मिलिव्होल्ट म्हणजे एक अंश, तेव्हा पाव अंश, फार तर पाऊण अंश चूक धरून चाल.

(खरं सांगू? आर्डुइनो उनोमध्ये मोजणीसाठी १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ निवडलास तर ऑप-ॲम्पशिवायही अंशाला नऊ पायऱ्या मिळतात. पण सबमिशनला ॲम्प्लिफायर दाखवायचाच असेल, त्यामुळे हे कंसात.)

प्रश्न : भजनी मंडळासाठी माईकचा प्री-ॲम्प केला. ७४१, अधिक-उणे १२ व्होल्ट, गेन १०००. आवाज मोठा येतो, पण टाळ ऐकूच येत नाहीत, सगळं घोंगडीखालून आल्यासारखं.

उत्तर : ७४१ मध्ये गेन आणि वारंवारता यांचा गुणाकार साधारण १० लाख हर्ट्झ. तुम्ही १००० गेनला उधळलेत, उरले १००० हर्ट्झ. टाळांचा खणखणाट त्याच्या बराच वर असतो. एकाच टप्प्यात सगळं मागू नका. ३३-३३ गेनचे दोन टप्पे करा, प्रत्येकाला ३० हजार हर्ट्झ मिळतात. मध्ये एक कपॅसिटर टाका, नाहीतर पहिल्याचा ऑफसेट दुसरा ३३ पट करेल. आणि आयसी बदलणारच असाल तर टीएल०७२ घ्या, एकाच आयसीत दोन्ही टप्पे बसतात, खरखरही कमी होते.