एका नावाखाली दोन पाकटे

प्रश्न : जुन्या पुस्तकांत ईशान्य अटलांटिकमधील ‘कॉमन स्केट’ हे एकच मोठे पाकट (चपट्या अंगाचा, पंखांसारखे पर असलेला मासा) दाखवलेले असते. आता त्याच्या जागी ‘फ्लॅपर स्केट’ आणि ‘ब्ल्यू स्केट’ अशी दोन नावे आढळतात. हा केवळ नावांचा बदल आहे, की मासे खरोखरच वेगळे आहेत?

उत्तर : मासे वेगळेच आहेत. फ्लॅपर स्केटचे स्वतंत्र वर्णन १८३७ सालीच झाले होते. परंतु १९२६ मध्ये दोन्ही जाती एकच मानण्यात आल्या आणि तो समज २०१० च्या सुमारास फ्रेंच संशोधकांनी शरीररचना व जनुके तपासून खोडून काढेपर्यंत टिकला. आज ब्ल्यू स्केटला डिप्टुरस बॅटिस आणि फ्लॅपरला डिप्टुरस इंटरमीडियस म्हणतात.

पाकट ताजे असेल तर आधी डोळे पाहावेत. ब्ल्यू स्केटचे बुबुळ फिकट पिवळे असते, फ्लॅपरचे गडद हिरवट. ब्ल्यू स्केटच्या प्रत्येक पंखावर फिकट कडा असलेला डोळ्यासारखा एक ठिपका असतो, तर फ्लॅपरच्या पाठीवर फिकट ठिपक्यांचे पुंजके असतात. ही नक्षी प्रत्येक फ्लॅपरची निराळी असल्याने स्कॉटलंडमध्ये छायाचित्रांवरून एकेक मासा ओळखला जातो.

खरा फरक मात्र आयुष्यक्रमाचा आहे. ब्ल्यू स्केटची मादी सव्वा मीटरच्या आसपास प्रजननक्षम होते. फ्लॅपरच्या मादीला त्यासाठी सुमारे दोन मीटरपर्यंत वाढावे लागते, आणि तिच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला सुमारे दीड वर्ष लागते. इतक्या मोठ्या, सपाट माशाला तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यातून लहानपणीही निसटता येत नाही, त्यामुळे अंडी घालण्याआधीच माद्या पकडल्या जाण्याचा धोका मोठा असतो. दोन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त असल्या, तरी आमच्या मते फ्लॅपरची बाजू अधिक लंगडी आहे.

एकाच नावाने हा धोका झाकला. आयरिश समुद्रातून ‘कॉमन स्केट’ नाहीसे झाल्याची नोंद १९८१ मध्येच झाली होती, तरी युरोपीय संघाने ते बंदरावर उतरवण्यास बंदी घातली ती २००९ मध्ये. त्यातच बाजारात पाकटाचे बहुधा कातडी सोललेले पंखच येतात. तिथे ना बुबुळ दिसते, ना ठिपका. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील ‘कॉमन स्केट’ची लांबी किंवा वय वाचताना ते आकडे नेमके कोणत्या जातीचे, हे बहुतेक वेळा ठरवता येणार नाही.