अठरा अक्षौहिणी की अठरा अक्षौहिण्या?

प्रश्न : ‘अठरा अक्षौहिणी सैन्य’ बरोबर की ‘अठरा अक्षौहिण्या’? आणि अक्षौहिणीतल्या रथ, घोडे वगैरेंच्या संख्येत अंकांची बेरीज नेहमी १८ येते, यात काही संकेत आहे का?

उत्तर : पुढे ‘सैन्य’ असेल तर अक्षौहिणी हे माप, ते बदलत नाही. ‘वीस खंडी भात’ म्हणतो तसंच. सुटं बोलायचं तर अक्षौहिण्या.

चीड येते ती ‘कार्यकर्त्यांची अक्षौहिणी लोटली’ असं बोलणाऱ्यांची. अक्षौहिणी म्हणजे अगणित नव्हे हो! इतकं काटेकोर मोजलेलं सैन्य शोधून सापडणार नाही. १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ मिळून एक पत्ती. मग सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी अशी दर पायरीला तिप्पट, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. (‘डॉक्टरांचा चमू’ आता रुळलाय, राहू दे, पण मूळ चमूत ७,२९० मोजले जात.) अक्षौहिणीत रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०, एकूण २,१८,७००. म्हणजे तीनचा सातवा घात गुणिले शंभर.

या सगळ्या आकड्यांत अंकांची बेरीज १८ येते खरी. महाभारत युद्धाचे दिवस १८, महाभारताची पर्वं १८, म्हणून यात गूढ आहे असं सांगणारे साफ चुकतात. ज्या संख्येला ९ने भाग जातो तिच्या अंकांची बेरीज ९च्या पटीत येणारच. वाहिनीत रथ ८१, बेरीज ९. कौरवांच्या ११ आणि पांडवांच्या ७ मिळून सैन्य ३९,३६,६००, बेरीज २७! सोयीच्या पायरीवर थांबून चमत्कार दाखवू नये.

खरी मौज व्युत्पत्तीत आहे. अक्ष + ऊहिनी. ‘ऊहिनी’त समूह आणि व्यूह यांतलाच ‘ऊह’ आहे. जुने कोश ‘अक्ष’चा अर्थ रथ घेतात. मला तो मान्य नाही. या सैन्यात रथ फक्त दहावा हिस्सा, निम्मं तर पायदळ. नाव रथावरून का पडावं? अक्ष म्हणजे फासाही, आणि बेहडाही, कारण फासे बेहड्याच्या फळांचे असत. महाभारतातल्या नलाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजतो आणि आपण अक्षहृदय (फाशांचं मर्म) जाणतो, संख्यानातही (मोजणीतही) विशारद आहोत, असं नलाला सांगतो. फासे आणि मोजणी एका श्वासात! म्हणून माझ्या मते अक्षौहिणी म्हणजे मोजून रचलेली सेना. पत्तीपासूनची तिप्पट-तिप्पट बघा, नाव किती चपखल बसतं!

आणि ‘अक्षोहिणी’ लिहू नका. अ आणि ऊ मिळून ओ होतो, नव + ऊढा = नवोढा, हे खरं; पण इथे औ व्हावा म्हणून कात्यायनाने पाणिनीच्या व्याकरणसूत्राला खास वार्तिक (पुरवणी नियम) जोडलंय : ‘अक्षादूहिन्यामुपसंख्यानम्’. प्र + ऊढ याचं ‘प्रोढ’ न होता ‘प्रौढ’ होतं, तेही अशाच वार्तिकामुळे.