भीतीची चित्रं दाखवली तर मूल अजून घाबरेल का?

"मॅडम, पोरगी आधीच एवढी घाबरते, त्यात ही असली चित्रं दाखवली तर अजून नाही का घाबरणार?" घाबरणाऱ्या मुलांसोबत मी चित्रांची पुस्तकं वाचते, तेव्हा हे आईबाबा मला इतक्या वेळा विचारतात की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, मुलीला इथं चिऊ म्हणते.

चिऊ सहा वर्षांची, घर नदीपात्राजवळ. पुणेकरांना सांगायला नको, पावसाळ्यात तिथं संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू होतो तो थेट गणपतीपर्यंत. पाच वाजले की हिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, कान तपासून झाले, सगळं ठीक. बाबा म्हणायचे "काही होत नाही गं", आई खिडक्या लावून मोबाईलवर कार्टून लावून द्यायची, आणि पोटदुखी आता दुपारी शाळेतच सुरू व्हायला लागली होती. ते नाटक नसतं बरं का, घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं, पोट आवळतं आणि खरंच दुखतं.

मी चित्रांचं एक पुस्तक काढलं, गडगडाटाला घाबरून कॉटखाली लपणाऱ्या मांजराच्या पिल्लाचं. काळ्या ढगाचं पान आलं तशी चिऊ मागच्या पानावर गेली. परत आली, परत मागे. तिसऱ्या वेळी तिनं आख्खा पंजा ढगावर ठेवला आणि पिल्लाकडे बघत म्हणाली, "ह्याच्या पोटात धडधड होतीये." आईच्या ओठांवर "तुझ्यासारखंच ना गं?" आलेलं मला दिसलं, मी हातानंच थांबा म्हटलं, कारण पिल्लाबद्दल बोलताना मूल मोकळं असतं, आपण ते त्याच्यावर आणलं की गप्प होतं. मग आम्ही पिल्लाबद्दलच बोलत बसलो, ते कुठं लपलंय, सोबत कोण हवंय, कान झाकलेत तर डोळे का उघडे.

तर त्या प्रश्नाचं माझं उत्तर हे, की भीती पोटात आधीपासून असतेच, पुस्तकात तिला नाक-डोळे मिळतात आणि मुख्य म्हणजे पान मुलाच्या हातात असतं. कार्टून पुढे पळतं, ढोल तर आपल्यासाठी थांबत नाहीत, पान मात्र थांबवता येतं, मागे नेता येतं, मिटता येतं. मिटलं तर मिटू द्यायचं, "अगं पूर्ण तर कर" नको. आणि रडारड चालू असताना पुस्तक काढू नका, तेव्हा गोष्ट डोक्यात शिरत नाही, तेव्हा नुसतं जवळ घ्या, गरम दुधावर फुंकर मारतो तसा लांब श्वास सोडायला लावा, बास.

घरी बाबांनी वाचून शेवटी विचारलं, "मग काय शिकलीस?" दोन दिवस तिनं पुस्तकाला हात लावला नाही. आजी मात्र काही विचारायच्या नाहीत, चष्मा लावून वाचायच्या आणि पिल्लू लपलं की "अगंबाई!" म्हणायच्या, चिऊ पुस्तक घेऊन त्यांच्याकडेच जायची.

पुस्तकासाठी खर्च केलाच पाहिजे असं नाही, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. चिऊनं तर चित्रकलेच्या वहीची पानं शिवून स्वतःचंच ढोलाचं पुस्तक केलं.

पण नुसत्या पुस्तकानं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. ढोलाचा आवाज खरंच मोठा असतो, म्हणून कान झाकायचे हेडफोन घेतले, आधी खिडकी थोडी उघडून, मग गच्चीवरून, मग पुलावरून, असं हळूहळू ऐकलं, आणि एकदा सराव संपल्यावर बाबांनी तिला पथकातल्या मुलांकडे नेलं, तिनं गप्प पडलेल्या ढोलावर एका बोटानं टकटक केलं. तुमच्या मुलाची झोप, जेवण, शाळा कित्येक दिवस बिघडलेली असेल तर मात्र मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, तिथं आईबाबांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

विसर्जनाच्या मिरवणुकीला चिऊ गेली नाही, मीच घाई नको म्हटलं होतं. परवा आली तेव्हा तिच्या पुस्तकात एक पान वाढलेलं होतं. ढोल झोपलाय, अंगावर आजीची गोधडी, आणि टिपरू उशाला.